आत्याचा डावा कान

अमावास्या नव्हती. मध्यरात्र नव्हती.

भर दुपारी, लख्ख उन्हात घडलंय हे. आणि शब्दन्‌शब्द खरं आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही, उलट लोक हसतील.

मी कान तपासायचं काम करतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मशीन बसवून देतो. आवाज कुठून येतो, किती वेळ टिकतो, केव्हा विरतो... हे माझं रोजचं पोटापाण्याचं. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. तिने लग्न केलं नाही. "तुला सांभाळताना नाकी नऊ आले, नवरा कुठे सांभाळू?" असं म्हणायची. तिचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला. मी स्वतः तपासलाय तो. त्या कानाशी फटाका फोडला तरी तिला पत्ता लागणार नाही. उजव्या कानाला मशीन आहे, त्यावर सगळा कारभार.

नदीकाठचं ते जुनं शहर बघायची तिला फार हौस होती. गेल्या हिवाळ्यात मी तिला घेऊन गेलो.

शहर सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? एका गल्लीत घंटा वाजत होती, पुढच्या गल्लीत बांग झाली, वळलो तर एका उंच खिडकीतून समूहाने गायलेलं गाणं ऐकू आलं. घरं बांधताना लोकांनी पडक्या देवळांचे दगड सर्रास वापरलेले. एका घराच्या पायरीत कोरीव हात होता. कोणाचा, कोण जाणे. आत्याने त्यावर पाय दिला नाही, बाजूने चढली आणि घरमालकिणीशी गप्पाही मारून आली.

दुपारी आम्ही घाटावरच्या घुमटाच्या इमारतीत शिरलो.

राखणदार पिकल्या मिशांचा, बोलका माणूस होता. "खालचे खांब सगळ्यात जुने," तो म्हणाला. "कुठल्या देवाचे, आता कोणालाच ठाऊक नाही. त्यावर भिक्षूंनी भिंती बांधल्या. मग तिसरे आले, त्यांनी घुमट चढवला."

"आणि आता?" आत्याने विचारलं.

"आता कोणी नाही. आता तुमच्यासारखे बघे."

घुमटाखाली गोल दालन. थंडगार. राखणदाराने गंमत दाखवली. एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजायचं, समोरच्या टोकाला भिंतीला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. अशा इमारती बऱ्याच ठिकाणी आहेत. आवाज वळणावरून घसरत जातो. त्यात भुताटकी काही नाही.

आत्या लहान मुलीसारखी हरखली. भिंतीला कान लावताच तिची मशीन शिट्टी मारायला लागली. मशीनचं तसं होतं, समोर काही आलं की. तिने ती वैतागून काढली आणि माझ्या खिशात टाकली.

मी समोरच्या टोकाला गेलो. "आत्या, चहा घेणार का?"

"घेणार तर!" तिकडून ती ओरडलीच. "अरे, मशीनशिवाय ऐकू आलं मला!"

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आत रेंज नव्हती. आत्याला हाताने खूण करून मी बाहेरच्या अंगणात गेलो. राखणदार तिथेच उन्हात बसला होता. गॅसचा नंबर, मुलीचा खोकला, नेहमीचंच बोलणं. फोन ठेवून मी परत वळलो.

दारातच थबकलो.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. पाठ माझ्याकडे. आणि ती बोलत होती...

"हो... हो रे. नाही, घरी माझं काही अडलेलं नाही."

थांबली. ऐकलं. हसली.

मी समोरच्या टोकाकडे पाहिलं.

कोणी नव्हतं.

दालनाला दार एकच. त्या दारात मी. राखणदार माझ्यामागे अंगणात.

वाटलं, म्हातारं माणूस, स्वतःशीच बोलत असेल. मग माझं लक्ष गेलं...

तिने भिंतीला डावा कान लावला होता.

मी धावत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकून वळली. माझ्याकडे पाहिलं, समोरच्या टोकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

मी खिशातली मशीन तिच्या कानात घातली.

"तू इकडे कसा?" ती म्हणाली. "आत्ता तर तिकडून बोलत होतास."

"काय म्हणालो मी?"

"असं काय करतोस? विचारलंस ना, आत्या, इथे राहशील का म्हणून. मी म्हटलं, राहीन की. तुझा आवाज मात्र बसलाय हं. पाण्यातून आल्यासारखा वाटला."

तिचा डावा गाल ओला होता. केसही. नदीच्या गाळाचा वास येत होता.

मी भिंतीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत.

मला तेव्हाच निघायला हवं होतं. पण कामाची खोड, जाईल कशी? मी तिला दारात उभं केलं, म्हटलं, "तोंडातून आवाज काढू नकोस." समोरच्या टोकाला गेलो आणि भिंतीला कान लावला.

आधी काही नाही.

मग... अगदी कानाशी... आत्याचा आवाज.

"राहीन की."

मी वळून पाहिलं. ती दारात उभी होती. ओठ मिटलेले. पदराने गाल पुसत होती.

कुठलाच प्रतिध्वनी एवढा वेळ टिकत नाही. कुठलाच नाही.

मी तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. राखणदार उठून उभा राहिला. मी काय झालं ते कसंबसं सांगितलं. त्याने मध्येच तोडलं.

"बाईंनी उत्तर दिलं का?"

"हो."

त्याने दार ओढून घेतलं.

"दादा, काय आहे हे? सांगा ना!"

"मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं, साहेब," तो म्हणाला. "आम्ही तिथे झाडताना गुणगुणत झाडतो. कान मोकळा ठेवत नाही. माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने." मग आत्याकडे न बघता हळूच म्हणाला, "यांना घरी न्या. लवकर."

आम्ही त्याच संध्याकाळी परत निघालो.

घरी सगळं ठीक वाटत होतं. आत्या मुलीला गोष्टी सांगायची, भाजी निवडायची, बायकोशी मालिकेवरून वाद घालायची. बदल एकच झाला. पूर्वी ती उजवी कूस करून झोपायची. चांगला कान उशीत दाबला की तिच्यासाठी जग बंद. आता ती डाव्या कुशीवर झोपायला लागली.

"का गं?" मी विचारलं.

"त्या बाजूला फार बडबड असते रे."

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. आमच्याकडे तपासणीची बंद खोली आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही. मध्ये काच. आवाज ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, माझ्या बाजूला दिवा लागतो.

डाव्या कानात मी सगळ्यात मोठा आवाज सोडला. आत्या शांत. दिवा लागला नाही. कान होता तसाच होता, ठार बहिरा. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

मी आवाज बंद केला.

आणि दिवा लागला.

विझला. पुन्हा लागला. मग भराभरा, लागोपाठ...

मी काहीच सोडत नव्हतो. काचेपलीकडे आत्या डोळे मिटून बसली होती. कपाळाला आठी. अंगठा बटणावर चालूच. तिचे ओठ हलत होते.

आतला माइक चालू करून मी हेडफोन कानाला लावला.

"अरे, एकेक जण बोला," आत्या समजावत होती. "सगळे एकदम बोललात तर मला कळत नाही."

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय रे, सुधारला का कान?"

"नाही. आहे तसाच आहे."

"मग तुला नीट तपासता आला नाही," ती म्हणाली. अगदी मायेने.

त्यानंतर मी तो कान तपासलेला नाही. दोन डॉक्टरांना दाखवलं. वयाने होतं म्हणाले, गोळ्या दिल्या. आत्या घेते बिचारी, माझ्या समाधानासाठी.

आत्ता हे लिहितोय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत आहे. कपाट उघडल्याचा आवाज आला मघाशी. साड्यांच्या घड्या करतेय बहुतेक. मध्येच "हो, हो" म्हणतेय.

सकाळी चहा पिताना तिने सहज विचारलं, "मला तिकडे कधी सोडतोस रे?"

"कुठे?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी चेष्टा करतोय असं वाटून.

"तूच रोज विचारतोस," ती म्हणाली, "आणि आता मलाच विचारतोस कुठे?"