एक तास पन्नास मिनिटं

धाकटा विमान कंपनीत वेळापत्रकं आखायचा. दोन शहरांतलं अंतर, वाऱ्याचा जोर आणि त्यावरून लागणारा वेळ, हे गणित त्याला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. ताईच्या शहरापासून इथवर अकराशे चाळीस किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. ताई चिडवायची, हा बोहल्यावर चढतानाही आधी वारा मोजेल.

त्या दुपारी आई अतिदक्षता विभागात होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन तास. तिचा जीव ताईत अडकला होता. ताईचं विमान दीडला सुटणार, तीन वीसला उतरणार. नियमाप्रमाणे बूट दाराबाहेर, मोबाईल नर्सच्या टेबलावर ठेवून धाकटा उशाशी बसला. आईने डोळे उघडले, की विमान कुठवर आलं ते सांगायचा. डोंगर ओलांडले. आता मोठी नदी. विमान सुटलं का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. वेळापत्रक त्याचंच होतं ना!

सव्वादोनला आई पुटपुटली, "आली..."

"नाही गं, अजून वाटेत आहे."

दार उघडलं. ताई अनवाणी आत आली. एरवी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा हा माणूस, पण त्या क्षणी त्याला नुसतं हायसं वाटलं. खुर्चीत बसून तिने आईला चमच्याने पाणी पाजलं. आईने तिचा हात धरला आणि शांतपणे डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

धाकटा दारात जाऊन नर्सला हाक मारून वळला, तर खुर्ची रिकामी. खोलीला दार एकच होतं, आणि त्यात तो स्वतः उभा होता.

टेबलावरच्या मोबाईलवर ताईचा निरोप होता. यंत्रात बिघाड, विमान तीनशिवाय सुटत नाही, आईला म्हणावं थांब.

साडेपाचला ताई आली. अनवाणीच.

"विमान तिथंच उभं होतं, तेव्हा जरा डोळा लागला. उठले तर चपला गायब. सगळ्यांनी शोधल्या रे..." मग धाकट्याचा चेहरा बघून ती थांबली. "गेली?"

त्याने मान हलवली. ताई भिंतीला टेकून रडली. शेवटचं पाणीही हातून पाजता आलं नाही, हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तो तिला आईच्या खोलीकडे घेऊन गेला.

दाराबाहेर त्याच्या बुटांशेजारी एक जोड होता. डाव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. दोन्ही चपलांची तोंडं खोलीकडे.

"या इथे कशा?" ताईने सवयीने पाय सरकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय झालं?"

"अरे..." ती बंद दाराकडे बघत हळूच म्हणाली, "उबदार आहेत. कुणीतरी आत्ताच काढल्यात."