पंधरावी खुर्ची

महादेव सावेंच्या कपाटात, जाड इंग्रजी शब्दकोशाच्या पानांत, एक निळं आंतरदेशीय पत्र होतं. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

राहून गेलं, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांनी दिलं नव्हतं.

पुढे जे लिहिलं आहे ते घडलेलं आहे. कुणाला पटेल याची खात्री नाही. सावेंनी डहाणूच्या एका वाचनालयात तेहेतीस वर्षं काढली, छापील आधाराशिवाय ते काही मानत नसत. त्यांना स्वतःलाही ते अजून पुरतं पटलेलं नाही. पण ते नरपडला, चिकूच्या वाडीतल्या त्यांच्या घरात, २०१७ च्या मे महिन्यात घडलं.

आणि रात्री नाही.

दुपारी तीनला. लख्ख उन्हात.

त्याआधीच्या हिवाळ्यात तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या ख्रिस्ती बँडला केनियाचं बोलावणं आलं होतं. पितळी वाद्यांचा बँड, पंधरा माणसं. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, दवाखान्यांत, तुरुंगांत वाजवायचं आणि प्रार्थना करायची. पाड्यावरचं कुणी वापीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. पासपोर्टचे अर्ज इंग्रजीत कोण भरणार? कुणीतरी सावेंचं नाव सांगितलं. त्यांनी पंधराही अर्ज भरले, आपल्या सुंदर अक्षरात.

त्यातला एक लहान्याचा होता.

लहान्या युफोनियम वाजवी. मांडीवर उभं धरायचं ते मोठं पितळी वाद्य. आवाज जाड, माणसाच्या छातीतून आल्यासारखा. लहान्याकडे जन्माचा दाखला नव्हता. प्रार्थनाघराच्या जुन्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे एक तारीख होती. सावेंनी ती उतरवून घेतली. लहान्याला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वहीत लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार!

ती बाप्तिस्म्याची तारीख होती. लहान्याचा बाप्तिस्मा तो नऊ वर्षांचा असताना झाला होता.

तपासणीत आधार कार्डावर एक वय आणि अर्जावर दुसरं निघालं. अर्ज परत आला. बँडचा मास्तर रविंद्र चिडला आणि त्याने प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की लहान्याने खोटं वय लावलं. लहान्याचं नाव यादीतून गेलं. त्याचं वाद्य बँडमधलाच रविंद्रचा भाचा तुषार वाजवील असं ठरलं.

मग ते पत्र आलं. अक्षर लहान्याच्या मुलीचं, शुक्रीचं होतं.

‘सावेभाऊस नमस्कार. तुम्ही लिहिली ती तारीख माझ्या जन्माची नाही, बाप्तिस्म्याची आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, त्यात तुमचा दोष नाही. पण पाड्यावर मला खोटा म्हणतात. तुम्ही येऊन एवढंच सांगा की चूक लिहिणाऱ्याची झाली. येता येत नसेल तर पत्र पाठवा. मी वाट पाहतो. लहान्या.’

सावेंनी उत्तर लिहायला घेतलं. एकदा नाही, सात वेळा. प्रत्येक वेळी ‘चूक माझी’ या दोन शब्दांपाशी पेन थांबे. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका दाखवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने हे कसं लिहायचं? आणि आपल्या सांगण्याने आता काय होणार? मग कागद फाडायचा. मग उद्या.

एप्रिलमध्ये चौदा जण केनियाला गेले.

त्याच आठवड्यात लहान्या तापाने गेला.

सावेंना हे डहाणूच्या बाजारात कळलं. ते भाजी न घेताच घरी आले.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते आरामखुर्चीत वाचत बसले होते. वाडीत बुलबुलांचा कलकलाट चालू होता. शेजारच्या वाडीतला पंप धडधडत होता.

आणि एकाएकी...

सगळं थांबलं. बुलबुल. पंप. वारासुद्धा.

त्या शांततेत तीन सूर आले. जाड, खालचे, सावकाश. कुणीतरी काही विचारावं तसे वर चढत गेले... आणि अर्ध्यावर थांबले.

पुढे काहीच नाही.

मग पंप पुन्हा धडधडू लागला.

सावेंनी कुसुमबाईंना हाक मारून विचारलं. बायकोने काही ऐकलं नव्हतं. तिने उलट फरशीकडे बोट दाखवलं. “आयुष्यभर पुस्तकात तोंड घालून बसलात. पाणी सांडलेलं तरी दिसतंय का?”

दारापाशी पाण्याचा एक थेंब होता. रुपयाएवढा.

दुसऱ्या दिवशी, तीनला... पुन्हा तेच तीन सूर. थेंब दारापासून दोन हात आत.

तिसऱ्या दिवशी आणखी आत.

सावेंनी छप्पर पाहिलं, माठ पाहिला. वयामुळे कान वाजतात असं कुठेतरी वाचलं होतं, ते पुस्तक शोधून काढलं. पण एक गोष्ट पुस्तकात नव्हती. सूर रोज तेच होते, तरी रोज त्यांतला संताप वाढत होता. पहिल्या दिवशी कुणी विचारत होतं. आठव्या दिवशी कुणी दार धडकावत होतं.

त्या आठव्या दिवशी थेंब कपाटापाशी पोचला. शब्दकोश होता त्याच खणाखाली.

नवव्या दिवशी दुपारी अंगणात रिक्षा थांबली. आधी रविंद्र उतरला, हातात वाद्याची मोठी काळी पेटी. मागून शुक्री. चाळिशीची, उन्हाने रापलेली. ती ओटीवर आली नाही, पायरीवरच बसली.

रविंद्रने पेटी आत नेऊन फरशीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरला. बँड परत येऊन आठवडा झाला होता. तिकडचं सगळं त्याने भडाभडा सांगितलं. जिथे जिथे वाजवायला गेले तिथे चौदा खुर्च्या सांगूनही पंधरा मांडलेल्या असत. एक काढून ठेवली, तरी वाजवायला बसले की पुन्हा पंधरा. तुषारच्या फुंकरीने वाद्यातून आवाजच निघेना, आणि तरी खालचे सूर येत होते... त्या रिकाम्या खुर्चीवरून. एका तुरुंगात प्रार्थना झाल्यावर कैदी विचारू लागले, तो म्हातारा का उठून गेला? इतका का रागावला होता?

“जिवंत होता तोवर जागा मागत होता,” रविंद्र म्हणाला. “मेल्यावर सोडत नाय. तुषार आता वाद्याला हात लावायला तयार नाय. ही म्हणते, सावेंकडे नेऊन ठेव. ठेवलं. माझं काम झालं.”

“नाय झालं,” शुक्री पायरीवरून म्हणाली. “पेटी उघड.”

“तूच उघड.”

“बापाला खोटा बोलताना तोंड उघडलं ना सगळ्यांसमोर? मग पेटीबी उघड.”

रविंद्रने पेटी उघडली.

युफोनियम वाजवताना श्वासाचं पाणी नळीत साचतं. खालची बारीक चावी दाबून ते काढून टाकायचं असतं. हे वाद्य केनियाहून निघाल्यापासून बंद पेटीत होतं. कुणी फुंकलेलं नव्हतं.

चावी आपोआप उघडली...

टप्.

फरशीवर एक थेंब पडला. रुपयाएवढा.

कुसुमबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी थेंबाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

शुक्रीने उठून आत येऊन वाद्याचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावून फुंकायचं टोक, काढून घेतला आणि मुठीत धरला. पाड्यावरची रीत अशी की वाद्य बँडचं, पण माउथपीस माणसाचा. माणूस गेला की तो त्याच्या हातात ठेवून पुरायचा. लहान्याचा माउथपीस केनियात होता. त्याला रिकाम्या हाताने पुरलं होतं, बँडशिवाय.

“गरम आहे,” ती म्हणाली. “आत्ताच कुणी फुंकून ठेवल्यासारखा.”

सावेंच्या तोंडून कसेबसे शब्द निघाले. चूक झाली होती. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लिहायला घेतलं होतं, सात वेळा...

“काका, चूक झाली त्याचा राग बापाला नव्हता. पत्रात लिवलं होतं तसं. मीच लिवलं, मला ठाऊक आहे.” तिचा आवाज चढला नाही. “अडीच महिने तो पोस्टमनची वाट बघत दारात बसला. ताप चढला तरी दारात. तुमचा एक कागद आला असता. गेला असता तो केनियाला, नसता गेला. पण खोटा म्हणून मेला नसता.”

रविंद्र पुटपुटला, की आता गेलेल्या माणसाला...

तेव्हा तीन वाजले होते.

बुलबुल थांबले. पंप थांबला.

पेटीत पडलेल्या वाद्यातून, माउथपीस शुक्रीच्या मुठीत असताना, तीन सूर निघाले. चौघांनी ऐकले. खिडकीच्या काचा थरथरल्या. कपाटाचं दार सावकाश उघडलं. सूर अर्ध्यावर थांबले... आणि या वेळी पंप सुरू झाला नाही. काहीच सुरू झालं नाही. नुसतं थांबणं.

सावेंना एकाएकी राग आला. रविंद्रचा, त्या वहीचा, आपल्या सुंदर अक्षराचा. सात फाडलेल्या कागदांचा तर फारच. ते टेबलापाशी बसले आणि न थांबता लिहिलं.

‘लहान्याभाऊस नमस्कार. तारीख मी चुकीची लिहिली. तुम्हाला न विचारता लिहिली. तुम्ही खोटं बोलला नाहीत. चूक माझी, आणि गप्प बसलो हा गुन्हाही माझाच. महादेव सावे.’

कुठेतरी पंप धडधडू लागला.

त्यांनी कागद शुक्रीपुढे धरला. तिने घेतला नाही.

“माझ्या हातात नको. पोस्टात टाका, बापाच्या नावानं. पोस्टमन रविवारी पाड्यावरच असतो, त्याचं घरच तिथं. प्रार्थनाघरात सगळे जमले की त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेईन. रविंद्रमास्तर पुढच्या बाकावर बसतील. मग हा माउथपीस पुरीन.”

रविंद्र मान खाली घालून पेटी बंद करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावे डहाणूला गेले. पाकिटावर मेलेल्या माणसाचं नाव होतं. पाड्यावर सगळे आपल्याला काय म्हणतील, हा विचार पोस्टाच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर आला. ते एकदा मागेही वळले.

मग परत फिरले आणि लाल पेटीच्या तोंडात पाकीट घालून सोडलं.

पडल्याचा आवाज आला नाही.

सावे थांबले. रस्त्यावर गर्दी होती, रिक्षांचे हॉर्न होते. एकाएकी त्यांतलं काहीच ऐकू येईना. त्यांनी वाकून पेटीच्या तोंडाला कान लावला.

आतून गरम हवा लागली.

आणि मग, अगदी कानापाशी... कुणीतरी लांब श्वास आत घेतला. वाजवायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा.