चार-चार सेकंदांची यादी

"माजा प्रणित आठ दिस जेवला नाय," जनीबाई म्हणाल्या. "म्हनतो, बापाला मीच मारला."

पनवेलच्या खासगी तपासनीस किशोरी घरत ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस दयाराम याने तेवढ्यावरच वहीत 'खून' लिहून टाकलं.

जनीबाईंचा नवरा बळीराम जासईच्या कंटेनर यार्डात फाटकावर होता. कीड मारण्यासाठी विषारी धुरी दिलेला कंटेनर त्याने उघडला आणि तिथेच कोसळला. कोणता कंटेनर उघडावा, याची यादी संगणक देई. ती यादी बनवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मुलाची, प्रणितची. माणूस बेफिकीर नव्हता, जनीबाई म्हणाल्या. मासळी घेताना ताजी आहे ना, म्हणून एकेकीचा कल्ला उघडून बघायचा.

मॅनेजर शैलेशने दोष स्क्रिप्टला दिला. महिन्यापूर्वी प्रणितने ती फंक्शनल म्हणतात तसल्या तऱ्हेवाईक संगणकी भाषेत नव्याने लिहिली होती. धुरीनंतर एकाऐवजी दोन दिवस थांबायचा नियम घातला म्हणे. मग हे काय? त्याने बळीरामच्या खिशातली यादी पुढे केली. चाळीस कंटेनर, प्रत्येकापुढे तपासल्याची वेळ. पहिला नऊ वाजता, दुसरा चार सेकंदांनी, तिसरा आणखी चार.

क्रेनवाला शिवा म्हणाला, सकाळी फाटकावर बळीरामकाका एकटेच. यादी येईस्तोवर त्यांचा चहा संपे.

प्रणित घरी भिंतीकडे तोंड करून बसला होता. नव्या भाषेतला प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतो, जुन्याला सुरू व्हायलाच वेळ लागे, म्हणूनच ती घेतली, एवढंच तो बोलला. जुनी स्क्रिप्ट संगणकावरून पुसायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी किशोरीबाईंनी जनीबाईंच्या देखत यादी त्याच्यापुढे ठेवली.

"तुझी नवी स्क्रिप्ट चाळीस कंटेनर एका सेकंदात उरकते. इथे एकेकाला चार सेकंद लागलेत. ही यादी जुनीची. तिला दोन दिवसांचा नियम ठाऊकच नाही. त्या सकाळच्याच धुरीच्या नोंदी मी काल नवीला दिल्या. बळीरामनी उघडलेल्या कंटेनरपुढे तिने लिहिलं, थांबा."

"मग जुनी चालवली कोणी?" दयारामने विचारलं. त्याचा संशय आता शैलेशवर होता.

"फाटकावर एकटा कोण होता? मासळीचा कल्ला उघडून बघणाऱ्याला एका सेकंदातली तपासणी कशी पटेल? त्यांना वाटलं, जी वेळ घेते ती नीट बघते. ती बघत नव्हती, दयाराम. प्रत्येक कंटेनरमागे नुसती नव्याने जागी होत होती, त्यातच चार सेकंद जात."



"ही एवढी झटपट का, ते बाबांनी विचारलं होतं," प्रणित म्हणाला. "मी म्हटलं, तुम्हाला नाय कळणार."

जनीबाई त्याच्याजवळ सरकून बसल्या.

"मना सांग."

तो सांगू लागला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. थांबू नये म्हणून त्या हुंकार देत राहिल्या.