बावन्न भांड्यांचा नकाशा

"ताई, अजून एक सापडली!" म्हणत चंचल बाभळीच्या काट्यांतून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले होते आणि डोक्यावर चेपलेली कळशी होती. योगिताने धाकट्या बहिणीच्या डोक्यावरून ती उतरवली आणि काठाखालची कोरलेली अक्षरं वाचली. 'राघो सुका पाटील, आसोदे, १९७४'.

"बावन्नावी," हर्षल म्हणाला. त्याने विजेच्या खांबापासून पावलं मोजली, होकायंत्र तळहातावर स्थिर केलं आणि वहीत ठिपका मांडला. हर्षल बँकेतल्या साहेबांचा मुलगा. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे पुण्याला जायचं सोडून तो रोज उन्हात सुरतच्या नवागामला येत होता, कारण योगिता सातवीत त्याच्याच वर्गात होती आणि तिच्या घरावर संकट आलं होतं.

ते संकट असं. नऊ दिवसांपूर्वी दुपारी चार वाजता आभाळ एकाएकी पिवळंजर्द झालं. मग साऱ्या सुरतचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एकदम चालू व्हावेत तसा आवाज आला. धुळीत काही म्हणता काही दिसेना. लोकांनी दारं लावून घेतली आणि पोरांना पोटाशी धरलं. पाचच मिनिटांनी सगळं शांत झालं, तेव्हा गल्लीतल्या कितीतरी घरांवरचे पत्रे नव्हते, भांडीकुंडी गायब होती आणि मागची लूमची शेड जमीनदोस्त झाली होती. तिच्याखाली योगेंद्र सापडला. शेजारच्या धुरपदाबाईंचा हा एकुलता एक मुलगा तिथेच कामाला होता. तो वाचला, पण पायाचा चेंदामेंदा होऊन दवाखान्यात पडला.

शेडचे मालक शेठ म्हणाले, आजूबाजूच्या दोन्ही शेड धडधाकट उभ्या आहेत, मग माझीच कशी पडली? योगिताचे वडील बन्सीलाल तिथले मुकादम. त्यांनीच मागचं मोठं दार उघडं टाकलं असणार, वारा आत शिरला आणि छप्पर उडालं! पंचनामा करायला आलेल्या अधिकाऱ्यांनी जीपमधून खाली पायसुद्धा ठेवला नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं त्यांनी 'साधं वादळ' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. आता शेठना सोमवारपर्यंत बन्सीलालकडून चूक कबूल केल्याचा कागद हवा होता. कागद दिला नाही तर शेठनी दिलेली खोली सोडायची आणि गावाकडे निघायचं.

बन्सीलालने दार स्वतःच्या हाताने लावलं होतं. पण ऐकतो कोण? ज्या गल्लीत त्यांच्या शब्दावर माणसं गावाहून येऊन कामाला लागली, तीच गल्ली आता त्यांना पाहून मान फिरवत होती. धुरपदाबाई तर योगिताच्या आईशी एक शब्द बोलत नव्हत्या.

असा वारा कुठून आला आणि कुठे गेला ते शोधायचं, ही कल्पना हर्षलची. उडालेली भांडी कोणाच्या घरातली ते नावावरून कळेल, सापडली कुठे ते आपण मोजू, मग वाऱ्याची वाट आपोआप कागदावर उमटेल. कल्पना मोठी नामी होती. फक्त नकाशा काही केल्या जुळत नव्हता! राघो पाटलांचं घर गल्लीच्या पार टोकाला, आणि त्यांच्या नावाची भांडी उडाली होती चारी दिशांना. शनिवारी तिघं तो कागद घेऊन शेठच्या मॅनेजरकडे गेली, तर तो हसला आणि म्हणाला की कागदावर तीळ सांडले आहेत, झटकून टाका.

त्या संध्याकाळी योगिता ओट्यावर बसून रडली. हर्षल आणि चंचल शेजारी बसली. मग चंचल हळूच म्हणाली, "राघोकाका म्हणाले, ही कळशी आपली नाहीच. मग त्यांचं नाव कसं?"

योगिताने डोळे पुसले. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला कोण आलं, कोणी काय आणलं हे तोंडपाठ असलेलं माणूस एकच होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत झाली होती. पण त्या दारात जायचं कोणत्या तोंडाने?

ती गेली. कळशी पुढे धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. धुरपदाबाई तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी त्यांनी कळशी ओढून घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हाई देणारानं नाव शे पोरी, घेणारानं नही," त्या म्हणाल्या. "राघोनी मालतीना लगीनमा देयेल शे."

योगिताच्या लख्ख ध्यानात आलं. लग्नात भांडं देताना त्यावर नाव कोरायचं ते आहेर करणाऱ्याचं! ही कळशी मालतीच्या लग्नातली, आणि राघोकाकांनी गल्लीतल्या अशा सहा लग्नांत आहेर केला होता. तिघं वेडी पोरं सगळी भांडी ज्याचं नाव त्याच्याच घरची धरून चालली होती.

धुरपदाबाई रविवारी दिवसभर त्या बावन्न भांड्यांपुढे बसल्या. हे शोभाबाईचं, हे सरलाबाईचं, ही परात माझ्या लग्नातली. त्या सांगत होत्या आणि हर्षल जुने ठिपके खोडून नवे मांडत होता. दुपार कलली तशी रेघ दिसू लागली. जेमतेम चाळीस पावलं रुंदीचा एक पट्टा गल्लीतून निघून थेट शेडवरून पलीकडच्या शेतात गेला होता. पट्ट्याच्या उजवीकडची भांडी पुढे फेकलेली, डावीकडची मागे! पट्ट्याबाहेर तुळशीचं पानही हललं नव्हतं.

"वारा गोल फिरत होता," हर्षल पुटपुटला. धुरपदाबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. ते शेडपाशी थांबलं. त्या उठून आत गेल्या.

सोमवारी मुलांनी भूगोलाच्या सुलभाबाईंना सोबत घेतलं आणि शेडच्या आवारात नकाशा पसरला. शेठ कबुलीचा कागद बन्सीलालपुढे सरकवत होते, पण शेडची नुकसानी पाहायला आलेले विमा कंपनीचे तपासनीस नकाशावर वाकले होते. त्यांनी तो हातात घेऊन सबंध पट्टा पायी तुडवला. तासाभराने परतले ते घामाने भिजून.

"हा चक्रीवात होता, म्हणजे टोर्नेडो. इकडे असा क्वचितच येतो," ते म्हणाले. "दार उघडं असो की बंद, ही शेड उभी राहिलीच नसती. शेजारच्या वाचल्या कारण त्या वाटेत नव्हत्या. मी हा नकाशा अहवालाला जोडणार आहे, या तिघांच्या नावासकट." सुलभाबाईंनी मुलांना जवळ घेतलं. शेठनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बन्सीलालला उद्यापासून कामावर यायला सांगितलं.

बन्सीलालने मान डोलावली, पण चेहरा काही खुलला नाही. योगिताला आश्चर्य वाटलं. एवढं जिंकूनही बाबा असे का उभे?

मग गर्दीतून धुरपदाबाई पुढे आल्या.

"भाऊ, मी चुकनू," त्या म्हणाल्या. "चाल दवाखानामा. पोऱ्या तुनी वाट देखी ऱ्हायना."

इतके दिवस बन्सीलाल रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आत पाऊल न टाकता परत येत होते, हे योगिताला तेव्हा त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा कळलं. त्यांनी धुरपदाबाईंच्या हातातली डब्याची पिशवी घेतली, आणि दोघं रिक्षा शोधायला रस्त्याकडे निघाली.