कोपऱ्यातला डबा

दिवा मंदच राहू दे. आणि तू तो मोबाईल पालथा ठेव. मधेच 'कशावरून?' असं विचारायचं नाही. कशावरून विचारणाऱ्या माणसाचीच ही गोष्ट आहे.

मी तेव्हा बर्फाचा ट्रक चालवायचो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वखारींच्या मागे बर्फाचा कारखाना आहे, तिथून पहाटे माल भरायचा आणि मासळीवाल्यांकडे उतरवायचा. मालकांचा एकुलता एक मुलगा दूरदेशी शिकून नुकताच परत आला होता. सगळे त्याला 'धाकटे' म्हणत. थोरलं कुणी नव्हतंच, तरी धाकटे! पोरगा मनाने सोन्यासारखा. कामगारांना रबरी हातमोजे आणले, भिंतींना रंग दिला, संध्याकाळी सगळ्यांना बसवून थंडाव्यासाठी वापरतात तो अमोनिया वायू कसा गळतो ते फळ्यावर चित्र काढून शिकवलं. माणसाला पुरावा दाखवला की माणूस सुधारतो, यावर त्याची अगदी श्रद्धा होती.

डिसेंबरातला दुसरा शुक्रवार होता. जेवणं झाली आणि मालक म्हणाले, "अरे, माझा चष्मा कारखान्यात टेबलावर राहिलाय. तेवढा घेऊन येतोस? पायही मोकळे होतील."

गेला बिचारा चष्मा आणायला.

आत रात्रपाळी चालू होती. तुम्ही कारखाना पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. जमिनीत खोल लांबलचक टाकी, तिच्यात खारं पाणी, गोठणार नाही पण हात घातला तर हाड बधिर होईल असं. त्यात पत्र्याचे उंच डबे ओळीने उभे. डब्यांत गोडं पाणी भरायचं, वर लाकडी झाकणं टाकायची. रात्रंदिवस त्या झाकणांवरूनच चालायचं, तीच जमीन. पाणी गोठलं की डबा साखळीने उचलायचा, कोमट पाण्यात बुडवायचा आणि उलटा करायचा. लादी सुळकन बाहेर.

लंबू म्हणून एक कामगार पाइपने डबे भरत होता. एकामागून एक भरत तो टोकाला गेला आणि शेवटचा, कोपऱ्यातला डबा सोडून मागे फिरला.

"तो राहिला की रे," धाकटे म्हणाले.

"तो त्याचा."

"कुणाचा?"

लंबूने इकडेतिकडे पाहिलं. "चारबोट्याचा. तुम्ही नव्हतात तेव्हा. तिथेच आत गेला तो. डाव्या हाताचं एक बोट आधीच साखळीत गेलं होतं त्याचं. तो डबा भरला की रात्री आतून वाजवतो."

"तू ऐकलंयस?"

"डबा भरतोय कोण ऐकायला!"

सगळे हसले. पण धाकट्यांच्या लक्षात आलं, हसता हसता एकानेही कोपऱ्याकडे पाहिलं नाही. आणि पलीकडच्या मशीनच्या मोटारीकडे जाताना सगळे तो कोपरा टाळून भिंतीच्या कडेने, लांबचा वळसा घेऊन जात होते.

चष्मा खिशात घालून तो घरी आला, पण झोप कुठली यायला? भुताचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते मिस्तरीचं. मिस्तरी म्हणजे कारखान्याचा जुना जाणता. धाकट्यांना लहानपणी खांद्यावर बसवून मशीन दाखवणारा. त्याच्या परवानगीशिवाय तिथे झाकण हलत नव्हतं. मग हे सोंग त्याला माहीत नसेल? कोपऱ्याला लागूनच मागचा दरवाजा. लोक त्या बाजूला फिरकत नाहीत. कुणाच्या सोयीचं आहे हे? मागच्या दाराने माल तर जात नाही?

संशय असाच असतो रे. चष्म्यासारखा एकदा नाकावर बसला की सगळं त्यातूनच दिसतं.

शनिवारी दुपारी त्याने सगळ्यांसमोर मिस्तरीला विचारलं, "काका, तो डबा का भरत नाही?"

"राहू द्या ना. एका डब्याने काय होतंय?"

"डब्याचा प्रश्न नाही. तुम्ही मानता हे?"

मिस्तरीने तंबाखूची डबी उघडली, बंद केली.

"मग आज भरायचा. मी रात्रभर इथे बसणार, तुम्हीही माझ्यासोबत बसायचं. सकाळी साधी लादी निघाली तर सगळ्यांसमोर सांगायचं, की हे थोतांड तुमच्या आशीर्वादाने चाललं होतं. आणि मग..." तो जरा अडखळला. "मग तुम्ही घरी बसा. असं भय पोसणारा माणूस मला कारखान्यात नको."

मिस्तरीच्या घरी अंथरुणाला खिळलेली बायको, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्यांनाही होतं. तत्त्वाचा माणूस! तत्त्वाच्या माणसाला असलं ठाऊक असून उपयोग नसतो.

"बरं," मिस्तरी म्हणाला. "पण तिथे जाताना आडवी फळी टाकून तिच्यावरूनच जा. पाय घसरतो."

धाकट्यांनी तेही मनात टिपून ठेवलं. याला एवढी फळीची काळजी का?

त्याने जुना डबा काढायला लावला आणि कोठारातून कोरा आणला. स्वतः आतबाहेर हात फिरवून पाहिला. कुठे पोचा नाही, ओरखडा नाही. डबा बसवला, पाणी भरलं, झाकण टाकलं. झाकणाला तार बांधून शिशाचं सील ठोकलं आणि सीलवर स्वतःची खूण केली. आता मिस्तरीच काय, कुणीही हात लावला असता तरी कळलं असतं.

रात्र झाली. बाकीच्यांना त्याने सुट्टी दिली. दोन खुर्च्या, एक कंदिलासारखा बॅटरीचा दिवा, थर्मासमध्ये चहा. समोर टाकी. मशीनची घरघर. बारा वाजून गेले. धाकट्यांची नजर डब्यावर कमी, मिस्तरीच्या हातांवर जास्त.

साडेबाराच्या सुमाराला आवाज आला.

टण्.

धाकट्यांनी आधी मिस्तरीकडे पाहिलं. हात मांडीवर. पाय चपलांत, हललेले नाहीत.

टण्... टण्.

कोपऱ्यातून.

"कोण आहे बाहेर?" धाकटे उठले. "काका, कुणाला बसवलंय तुम्ही तिथे?"

"कुणालाही नाही. बसा खाली."

"आता कळेलच." आणि तो तरातरा झाकणांवरून निघाला. फळीबिळी विसरला. कोपरा हातभर राहिला असेल. पायाखाली लाकूड करकरलं...

"थांब!"

मिस्तरी त्या वयात कसा धावला देव जाणे. मागून त्याने शर्ट धरला आणि असा हिसडा दिला की दोघंही मागे आपटले. धाकट्यांचा पाय होता तिथलं झाकण वाकलं, खालचा वासा कचकन मोडला आणि एक तुकडा काळ्या पाण्यात पडला.

मग मिस्तरी बोलला. थकलेल्या आवाजात.

"कुजलाय तो कोपरा. कधीचाच. बदलायचा तर टाकी उपसायला हवी. तुमच्या बाबांना किती वेळा सांगितलं, पण हंगाम आला की राहून जातं. मी पाटी लावली. पोरांनी तिच्यावर टोप्या अडकवल्या. ओरडलो, तर 'हो काका' म्हणून त्याच वाटेने पळायची. मग एके दिवशी सांगितलं, की इथे एक माणूस मेलाय." तो जरासा हसला. "एका रात्रीत सगळी वळसा घ्यायला लागली. डबा भरला तर काढायला जावं लागतं, म्हणून तो रिकामा. कुणी मेलेलं नाही, धाकटे. चारबोट्या नाहीच. तुम्ही मला सांगितलं असतंत की कोपरा दुरुस्त करतो, तर मी दुपारीच..."

"मग बोटाचं का जोडलंत?"

"तेच मला कळत नाही. बोटाचं मी कधीच सांगितलं नाही. मी सांगितलेल्या माणसाला दहाही बोटं होती."

"पोरांनीच जोडलं असेल."

"असेल."

"आणि आवाज?"

"पाइप वाजतो. मशीन चालू असलं की थरथरतो."

धाकट्यांना हलकं वाटलं. सगळं जुळलं होतं. भूत नव्हतं, चोरीही नव्हती. वर स्वतःचा जीव वाचला होता. तो "काका..." म्हणून काही बोलणार, तेवढ्यात वीज गेली.

दिवे गेले. मशीन थांबलं. त्या कारखान्यात इतकी शांतता त्याने जन्मात ऐकली नव्हती. बॅटरीचा दिवा दोघांच्या मध्ये. भिंतीवर दोन सावल्या.

टण्.

कुणीच हललं नाही.

टण्... टण्...

मशीन बंद होतं.

मिस्तरीने ओठ ओले केले. "पाइप..." तो म्हणाला.

"हो," धाकटे म्हणाले. "पाइपच."

मग पुन्हा... सावकाश... जसं कुणी आतून चाचपतंय...

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. भुतावर दोघांचाही विश्वास नव्हता. दोघंही कोपऱ्याकडे पाहत नव्हते.

वीज आली तेव्हा पहाट व्हायला आली होती.

मी ट्रक लावला तेव्हा सगळे कामगार जमले होते. धाकट्यांनी सील सगळ्यांना दाखवलं. खूण जशीच्या तशी. आडवी फळी टाकून त्याने स्वतः तार कापली, साखळी अडकवली, डबा वर घेतला, कोमट पाण्यात बुडवला. लंबू माझा दंड धरून उभा होता, अजून वळ असेल. डबा उलटला. लादी बाहेर आली.

साधी लादी. बाजू काचेसारख्या सपाट, मधे पांढरट. रोज निघते तशी.

मग मिस्तरी पुढे झाला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळं बोलला. कोपरा, पाटी, रचलेली गोष्ट, सगळं. कुणी तरी खुदकन हसलं. लंबू म्हणाला, "च्यायला, म्हणजे इतकी वर्षं आम्ही लाकडाला घाबरत होतो?" मग हशा पिकला. लोक चक्क फळीवरून कोपऱ्याजवळ जाऊन वाकून बघायला लागले. धाकट्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुरावा दाखवला, माणसं बदलली! याचसाठी तो परत आला होता.

मिस्तरीने खुंटीवरची पिशवी काढली आणि फाटकाकडे निघाला. मी लाद्या भरायला लागलो.

कोरा डबा आडवा पडला होता. तो कोठारात ठेवावा म्हणून धाकट्यांनी एकट्याने उचलला. आत गेला... आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

आला तो धावतच. चेहरा पिठासारखा. फाटकाबाहेर त्याने मिस्तरीला गाठलं. ट्रक तिथेच होता, मला सगळं ऐकू आलं.

"काका, जाऊ नका."

"का? बोली तशीच झाली होती."

"कोपरा दुरुस्त करायचाय. आजच टाकी उपसू. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मिस्तरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काही पाहिलंत का?"

"नाही."

"धाकटे..."

"नाही म्हटलं ना! काय पाहणार?"

मिस्तरी परत आला. कोपरा नवा झाला, सागवानी, हत्ती नाचला तरी मोडणार नाही. भुताचं नाव कुणी काढत नाही. धाकटे आजही गावोगाव जाऊन भाषणं देतात, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका म्हणून. आणि कोपऱ्यातला डबा आजही रिकामा असतो. विचारलंत तर सांगतात, तिथे थंडावा नीट पोचत नाही.

ही रात्रीची हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली. भर उन्हाळ्यात कोठारावरचा माळा झाडायला बोलावलं होतं मला. पोत्यांच्या मागे तो कोरा डबा होता, पोत्यात गुंडाळलेला. मी विचारलं, हा का ठेवलाय? तेव्हा ते बसले आणि बोलले. संपल्यावर म्हणाले, "हातोडा लागला असेल कुणाचा. तुला काय वाटतं?"

मी पोतं काढलं.

पत्र्याच्या एका बाजूला उठाव होता. आतून बाहेर ढकललेला. लादी तर त्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी सपाट पाहिली होती...

मी आत हात घातला. डावा. तळवा त्या खळग्यात बरोब्बर बसला. अंगठा बसला. एक बोट, दुसरं, तिसरं.

उरलेलं माझं मलाच दुमडून घ्यावं लागलं. त्याला तिथे जागाच नव्हती.