उष्टी पळी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात घालवली की माणसाला दोन खोडी लागतात. एक, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावणं. दुसरी, जेवताना नाक मुरडणं. म्हणून समुद्राकाठच्या त्या खानावळीत सुट्टीला जायचं ठरलं तेव्हाच बायकोने बजावलं, "तिथे तुम्ही गिऱ्हाईक आहात. तोंड फक्त खायला उघडायचं."

जागा छान होती. खाली जेवणघर, वर राहायच्या खोल्या, मागच्या दारातून पाऊल टाकलं की वाळू. सकाळी होडीतून जे उतरेल तेच दुपारी पातेल्यात पडायचं. मासे इतके ताजे की मला नावं ठेवायला काही सापडेना, आणि त्याचाच जरा राग आला.

पहिल्या दुपारी मालकीण रश्श्याचं पातेलं घेऊन जेवणघरात आली. उंच बाई, रुंद मनगटांची. हसायचं नाव नाही. तिने पळी भरून माझ्यापुढे धरली. "आमच्याकडे नव्या पाहुण्याने चव बघितल्याशिवाय वाढत नाहीत."

मी बघितली. "अळणी आहे. मीठ घालायचं राहिलंय."

शेजारच्या टेबलावर एक दंतवैद्य बसले होते, दर उन्हाळ्यात इथे येणारे. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मालकिणीने पळी फडक्याने पुसली, पुन्हा भरली आणि हिच्यापुढे धरली.

आमची ही म्हणजे लोकांच्या घरी करपलेलंसुद्धा वाखाणून खाणारी. तिने घोट घेतला, माझ्यावर डोळे वटारले आणि म्हणाली, "छान झालंय हो. अगदी हवं तसं."

मालकिणीने मान हलवली आणि तीच उष्टी पळी, न धुता, न पुसता, पातेल्यात बुडवून ढवळायला लागली. असल्या प्रकाराबद्दल मी माणसं कामावरून काढली आहेत. पण हिचं कोपर बरगडीत बसलं, म्हणून ताट पुढे ओढलं.

वाढून झालं. मी नाइलाजाने पहिला घास घेतला आणि थबकलो. मीठ नेमकं होतं, कणभर कमी नाही की जास्त नाही. इतका चांगला रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. मी पुन्हा मागून घेतला. ही मात्र ताटातलं नुसतं चिवडत होती.

"मला काही चव लागत नाहीये," ती म्हणाली. "उन्हाचं असेल."

दुसऱ्या दुपारी पळी थेट तिच्याकडे गेली. मला कोणी विचारलंही नाही. जेवण आदल्या दिवसापेक्षा सरस होतं. हिने मीठ मागितलं.

"मीठ नाही आमच्याकडे," मालकीण म्हणाली.

"समुद्राकाठी राहून?" मी हसलो. माझ्याबरोबर कोणीच हसलं नाही. दंतवैद्य पावाने ताट पुसत हिच्याकडे बघत होते. बाकीचेही तिच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी तिच्या पायांत गोळे आले. जिन्यात थांबून तिने विचारलं, "आपली खोली कुठली हो?" मी थट्टा केली. ती हसली नाही, तेव्हा मला भीती वाटली. आमच्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे आजवर मीच तिला विचारत आलो होतो.

"उद्या तू त्या पळीला तोंड लावायचं नाहीस," मी म्हणालो.

"अहो, एक घोट तर असतो. त्यांना वाईट वाटेल."

तिसऱ्या दुपारी पळी आली तेव्हा मी मध्ये हात घातला. दंतवैद्यांनी मागून माझं मनगट धरलं आणि टेबलावर दाबून ठेवलं. दात उपटण्याच्या धंद्यातला हात, सुटता सुटेना.

"सगळे भुकेलेत," ते हळूच म्हणाले. "तमाशा करू नका."

तिने घोट घेतला. पळी पातेल्यात गेली.

मग मलाही वाढलं. मी खाणार नव्हतो. खात्री करायला म्हणून एकच घास घेतला. भानावर आलो तेव्हा ताट लख्ख झालं होतं.

तसाच उठून स्वयंपाकघरात शिरलो. तेल, कांदे, लसूण, मिरी. एकेक डबा उघडला, बरणीत बोट घालून बघितलं. मिठाचा खडासुद्धा नव्हता.

"सापडलं का?" मालकीण दारात उभी होती. "उन्हाळा बराच बाकी आहे अजून."

सामान तसंच टाकून मी हिला उठवलं. तिचा दंड गार लागत होता. सगळे दारापाशी जमले होते. कोणी बाजूला सरकेना.

"तुम्ही जा ना," दंतवैद्य म्हणाले. "बाईंना राहू दे."

मी त्यांना ढकललं. म्हातारपणीही अंगात इतका जोर असतो हे मला माहीत नव्हतं. गाडीपर्यंत कोणी मागे आलं नाही. दारातूनच बघत राहिले.

वाटेत पहिलं दुकान दिसलं तिथे मिठाची पिशवी घेतली, दातांनी फोडली आणि तिच्या तळहातावर ओतली.

"चाट. माझं ऐक, चाट."

तिने चाटलं.

"वाळू आहे का हो ही?"

मग ती रडायला लागली. "मला काय होतंय?" एवढंच पुन्हा पुन्हा. मी अंगठ्याने तिचे डोळे पुसले आणि तो अंगठा जिभेला लावला.

साधं पाणी होतं.

माझ्या तोंडात मात्र दुपारची चव तशीच होती, आणि तोंडाला पाणी सुटलं होतं.