रविवारचा फोटो

फोन ठेवा बाजूला. सगळ्यांनी. हो, तुझाही. मघाशी विचारलंत ना, काका, परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं, आता शनिवार-रविवार नुसती भटकंती, मग तुम्ही तोंड का पाडलंत? ऐका तर मग. माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलेलं आहे. तो खोटं बोलणारा माणूस नाही. तेवढी अक्कलच नाही त्याला.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. घरातलं दूध, अंडी, साबण, सगळंच संपलेलं, म्हणून हा सकाळी बाजारात गेला. तिकडे तो एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होता. आठवडाभर चादरींच्या घड्या घालायच्या आणि रविवारी सामान भरायचं. खोलीत जोडीला दुसरा एक होता, फरशा बसवणारा. पंचवीस-सव्वीसचा, एकुलता एक. त्याला सगळे टूरिस्ट म्हणायचे. शुक्रवारी हाताचं सिमेंट निघायच्या आत हा बसचं वेळापत्रक बघत बसायचा. कधी डोंगर, कधी जुना पूल, काहीच नाही तर शेजारचं गाव. सेलमध्ये घेतलेलं लाल जॅकेट चढवायचं की निघाला. माझा भाऊ कुरकुरायचा, अरे मेल्या, एक दिवस तरी झोपू दे. तर म्हणायचा, झोपायला सगळा जन्म पडलाय.

आणि काहीही होवो, रविवारी रात्री नऊला आईला एक फोटो. इथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची. ती माउली जागी राहायची. फोटो बघायची, स्वतःच्या आवाजात निरोप पाठवायची, जेवलास का रे, आणि मगच आडवी व्हायची.

तर त्या रविवारी टूरिस्ट कामावरच्या पोरांबरोबर तळ्यावर गेला होता. भाऊ पिशव्या घेऊन जिना चढला, तर दारात दोन पोलीस. होडी उलटली होती. बाकीचे पोहून आले. ह्याला बाहेर काढलं दुसऱ्या दिवशी. फोन तेवढा काठावर बॅगेत कोरडा राहिला, तो माझ्या भावाकडे आला.

टूरिस्टचे वडील मास्तर होते. त्यांना कळवायची वेळ माझ्या भावावर आली.  ऐकून ते एवढंच म्हणाले, "महिनाअखेरीला तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तोवर तिला कळता कामा नये. ती त्या फोटोवर जगते हो. तुम्ही पाठवत राहा."

आता ह्यात वाईट काय? आपल्या लोकांची रीतच ही. परगावी असलेल्याला घरचं वाईट सांगायचं नाही आणि घरच्यांना तिकडचं. मायेपोटीच करतो आपण. प्रेताच्या कागदपत्रांना तसाही महिना लागणार होता. भाऊ हो म्हणाला.

टूरिस्टच्या फोनचं कुलूप उघडायचा आकडा ह्याला ठाऊक होता. आत शेकडो फोटो. दुसऱ्या रविवारी ह्याने पुलावरचा पाठवला. खाली लिहिलं, घसा बसलाय आई, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय. तिचा निरोप आला, गरम पाणी पी, जेवलास का रे. ह्याने लिहिलं, जेवलो. आणि फोन उशीखाली सारला. तिसऱ्या रविवारी डोंगरावरचा. पुन्हा, जेवलास का रे. पुन्हा, जेवलो.

चौथा रविवार. इथे ती दवाखान्यात दाखल झालेली, सकाळी सातला ऑपरेशन. एवढा एक फोटो गेला की आपण सुटलो, असं भावाला वाटत होतं. तो खाटेवर बसून फोटो निवडत होता. नऊला पाच कमी होते. एक बरा सापडला, लाल जॅकेटमधला, हसरा. पाठवणार...

तेवढ्यात फोन थरथरला.

तिचाच निरोप. भावाने लावला.

"पोचला रे फोटो. पण कपडे ओले का तुझे?"

ह्याने अजून काहीच पाठवलं नव्हतं. बोट तसंच वर. वर सरकवून बघितलं, खाली सरकवून बघितलं. शेवटचा फोटो मागच्या रविवारचा. डोंगरावरचा. कोरडा.

खोलीत हा एकटा. शेजारची खाट रिकामी...

पुन्हा थरथरला. लावावा की नाही? लावला.

"त्या तुझ्या दोस्ताला सांग, माझ्यासाठी जिवाला लावून घेऊ नकोस म्हणावं. मला पहिल्याच दिवशी कळलं. ह्यांना बोलले नाही. ते खचतील."

आवाज अगदी शांत होता, असं भाऊ सांगतो. रागाचा नाही. रडका नाही.  हा फोन हातात धरून बसून राहिला.  नऊ वाजले.

तिसरा निरोप...

"थंडी आहे ना तिथे? थांब. मी येते."

मग काही नाही...

भावाने मास्तरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ते बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या झोपले होते. उठून आत गेले, तोवर सगळं आटोपलेलं होतं. ऑपरेशन राहिलंच. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. तिच्या फोनमध्ये मास्तरांनी शोधलं, ओल्या कपड्यांचा फोटो कुठेच नव्हता. चार दिवसांनी मुलगा पेटीतून आला. एका आठवड्यात दोघांना पोचवलं त्या माणसाने. माझा भाऊ अजून म्हणतो, मी खोटं लिहिलं नसतं तर ती वाचली असती. मी काय सांगू त्याला? मलाही कधीकधी तसंच वाटतं.

ऑपरेशनच्या धास्तीनेही माणूस जातो म्हणा. मीसुद्धा तसंच धरून चाललो असतो. पण सगळे विधी उरकल्यावर मास्तरांनी भावाला एका कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवला. नर्सने तिची मूठ सोडवली, तेव्हा तो कागद आत निघाला होता. भिजून मऊ झालेला, बोटभर. मास्तरांनी विचारलं होतं, ही अक्षरं आम्हाला वाचता येत नाहीत, तुमच्या तिकडची दिसतात, काय आहे बघा.

त्या बाईने जन्मात पासपोर्ट काढला नव्हता.

तळ्यावरच्या होडीचं तिकीट होतं. तारीख त्या चौथ्या रविवारची. माणसं, दोन.